वाघळांच्या वंशाचा हिशेब



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी उन्हाळ्याच्या संध्याकाळी अशा सभा भरत आल्या आणि नाना विषयांचा साधकबाधक विचार होत आला. कामगार चळवळीतला माणूस अशा व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो वेतन, बोनस, नाहीतर कामगार कायदे ह्यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आम्ही आज निराळा विषय घेतला आहे. फळे खाणाऱ्या वाघळांचा नर, त्याची प्रजननव्यवस्था, त्याचे शुक्राणू आणि त्याचा ऋतू, हा तो विषय. नाव ऐकून काही मंडळी गालातल्या गालात हसली, काहींनी माना खाली घातल्या. दोन्ही स्वाभाविक आहे. परंतु ह्या विषयावर बोलण्याचे आम्हाला मोठे कारण वाटते, आणि ते आधी सांगणे बरे.

आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक ग्रंथालयांत आणि कामगारांच्या वस्त्यांत झाले. त्या शिक्षणात एक गोष्ट पक्की कळली. शरीराच्या ज्या भागाविषयी माणूस मोकळेपणी बोलत नाही, त्याच भागाच्या नावावर बाजारात त्याला सर्वांत जास्त लुबाडले जाते. कारखान्यांच्या दरवाजांशी पगाराच्या दिवशी चादर पसरून बसणारे औषधविके आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांच्या बाटल्यांत कधी घोरपडीचे तेल असे, कधी वाघळाची चरबी. सांधेदुखीवर हेच, दम्यावर हेच, आणि आवाज खाली आणून सांगायचे ते म्हणजे पुरुषाच्या 'अशक्तपणा'वरही हेच. वाघळाच्या चरबीने पुरुषाची शक्ती वाढते, ह्याला शास्त्राचा कसलाही आधार नाही. आठवड्याची कमाई त्या बाटलीत जाई आणि वाघूळ जिवाला मुके. हे झाले पहिले कारण. दुसरे कारण कुऱ्हाडीचे आहे, त्याकडे आपण शेवटी येऊ.

प्रथम ओळख करून घेऊ. महाराष्ट्रात फळे खाणाऱ्या वाघळांच्या मुख्यतः तीन जाती आढळतात. वडावर, चिंचेवर, जुन्या आंब्यावर दिवसभर उलटे लोंबकळणारे, पंख पसरले तर सव्वा ते दीड मीटर भरणारे, ते मोठे वाघूळ. शास्त्रज्ञ त्याला टेरोपस म्हणतात. दुसरे मध्यम आकाराचे, गुहांत आणि जुन्या पडक्या इमारतींत राहणारे, त्याचे नाव रुसेटस. तिसरे लहान, आखूड नाकाचे, माडांच्या झावळ्यांखाली राहणारे, ते सायनॉप्टेरस. मांडव्यापासून अलिबागेपर्यंतच्या वाड्यांत सकाळी अंगणात अर्धवट चघळलेली देशी बदामाची फळे आणि उंडीच्या बिया पडलेल्या दिसतात. ती रात्रपाळी ह्याच मंडळींची.

वाघूळ हा पक्षी नाही; तो आपल्यासारखा सस्तन प्राणी आहे, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली प्राण्यांची वर्गवारी केली, तेव्हा वटवाघळांना त्याने चक्क माणूस आणि माकड ह्यांच्या पंक्तीला बसवले. मादीला छातीवर दोनच स्तन असणे, हे त्याचे एक कारण. नराचे शिश्नही माकडाच्या किंवा माणसाच्या शिश्नाप्रमाणे मोकळे लोंबते. मात्र त्यात एक लहानसे हाड असते, जे माणसात नाही. पुढे १९८६ साली ऑस्ट्रेलियातील जॉन पेटिग्र्यू ह्यांनी डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या रचनेवरून मोठी फळवाघळे माकडांची चुलत भावंडे असावीत, असा पक्ष मांडला. डीएनएच्या तपासणीने तो टिकला नाही. सगळी वटवाघळे एकाच घराण्यातली ठरली. तरीही एवढे खरे, की ह्या प्राण्याचा देह समजून घेताना आपण आपल्याच देहाच्या पुष्कळ गोष्टी समजून घेतो.

हे ज्ञान परदेशातून आयते आले, असे कोणी समजू नये. ह्यातला मोठा वाटा नागपूरचा आहे. एम. ए. मोघे ह्यांनी मोठ्या वाघळाच्या गर्भाची वाढ आणि वार ह्यांचा अभ्यास १९५१ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय नियतकालिकात छापला. त्यानंतर नागपूरच्याच विज्ञान संस्थेत ए. गोपालकृष्ण ह्यांनी वटवाघळांच्या प्रजननाचा अभ्यास आयुष्यभर केला आणि शिष्यांची एक पिढी तयार केली. ही माणसे महिन्यामागून महिने नमुने गोळा करीत, वृषणाचे आणि गर्भाशयाचे कागदाहून पातळ काप घेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली मांडून वर्षाचे पंचांग तयार करीत. गुहेतल्या रुसेटसविषयी गोपालकृष्ण आणि चौधरी ह्यांचा निबंध १९७७ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्या निबंधाने दाखवले, की ही मादी वर्षातून दोनदा विते, प्रत्येक खेपेस एकच पिल्लू देते, आणि एक गर्भ सुमारे सव्वाशे दिवसांचा असतो.

ह्याच जातीत एक विलक्षण गोष्ट दिसली. मादी साधारण पाचव्या महिन्यात वयात येते आणि नर पंधराव्या महिन्यात. बहीण आई होऊन मोकळी होते, तोवर भाऊ उमेदवारीच करीत असतो. आखूड नाकाच्या लहान वाघळातही असाच फरक आहे. नराने वेळ का घ्यावा? कारण त्याला नुसते वयात येऊन भागत नाही. जागा धरावी लागते, दुसऱ्या नरांपुढे टिकावे लागते, आणि त्यासाठी अंगात बळ व अनुभव यावा लागतो.

आता नराच्या शरीरात काय चालते ते पाहू. वृषणात सुतासारख्या बारीक नळ्यांची गुंडाळी असते. त्या नळ्यांच्या भिंतीतल्या पेशी पुनःपुन्हा विभागतात आणि टप्प्याटप्प्याने त्यांतून शुक्राणू तयार होतो. हे काम एका दिवसाचे नाही. कित्येक आठवड्यांचे आहे. तयार झालेला शुक्राणू लगेच पोहू शकत नाही. तो वृषणाला चिकटलेल्या लांबलचक नळीत, म्हणजे अधिवृषणात, जातो, तिथे परिपक्व होतो आणि तिच्या शेवटच्या भागात साठून राहतो. कारखान्याच्या भाषेत बोलायचे तर एका खात्यात घडण, दुसऱ्या खात्यात तपासणी आणि शेवटी गोदाम. बाहेर पडताना प्रॉस्टेट आणि इतर ग्रंथींचा रस त्यात मिसळतो. पोसणे आणि वाहून नेणे, हे त्या रसाचे काम.

शुक्राणू म्हणजे एक डोके आणि एक शेपूट. डोक्यात बापाकडचा वारसा घट्ट वळकटी करून भरलेला असतो. डोक्यावर एक टोपी असते; तिच्यातल्या रसायनांच्या बळावर शुक्राणू अंड्याच्या कवचातून वाट काढतो. मोठ्या फळवाघळांत ही टोपी चांगली ठसठशीत असते. मानेच्या भागात शक्ती पुरवणारे सूक्ष्म घटक असतात आणि शेपूट वल्ह्यासारखी चालते. येथे एक गैरसमज दूर करू. मोठ्या प्राण्याचा शुक्राणू मोठा, असा नियम नाही. माणसाचा शुक्राणू मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास भरतो, आणि उंदराचा त्याच्या दुप्पट लांब असतो. देहाच्या आकाराशी, मिशीच्या पिळाशी किंवा आवाजाच्या चढाशी शुक्राणूचे काही नाते नाही.

हा कारखाना बारमाही चालतोच असे नाही, आणि आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा येथेच आहे. मोठ्या वाघळाचा मिलनाचा काळ साधारण जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे आपला आषाढ ते आश्विन. मादीला पोटात पिल्लू सुमारे पाच महिने वागवावे लागते. म्हणून पिल्ले जन्मतात फाल्गुनात, चैत्रात, कधी वैशाखात. आज आपण ह्या मंडपात बसलो आहोत, तेव्हा त्या झाडांवरच्या माद्यांच्या छातीला पिल्ले बिलगलेली आहेत. मिलनाच्या हंगामापूर्वी नराच्या मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी वृषणाला हुकूम देते, टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात वाढते, वृषणे फुगतात, शुक्राणूंची घडण जोरात सुरू होते आणि नर फांदीवर आपली जागा राखू लागतो. हंगाम संपला, की वृषणे पुन्हा लहान होतात. शरीर विनाकारण खर्च करीत नाही.

हे घड्याळ पाहायचे तर ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या फळवाघळांकडे पाहावे, कारण तिथे ह्या कुळातल्या नरांचा बारकाईने अभ्यास झाला आहे. तिथल्या बहुतेक जाती मार्च-एप्रिलात मिलन करतात आणि त्यांची पिल्ले ऑक्टोबर-नोव्हेंबरात जन्मतात. पण लहान तांबड्या जातीचे वेळापत्रक नेमके सहा महिन्यांनी उलटे आहे. सूर्य तोच, दिवसाची लांबी तीच, पण प्रत्येक जातीचे शरीर तिचा अर्थ आपापल्या वारशाप्रमाणे लावते.

थंड देशांतली कीटकभक्षी वटवाघळे ह्यावर दुसरी युक्ती करतात. त्यांचे मिलन हिवाळ्यापूर्वी होते, मादी नराचे शुक्राणू आपल्या गर्भाशयात महिनेच्या महिने जिवंत ठेवते आणि वसंतात गर्भ धरते. फळवाघळांची भिस्त अशा लांबच्या साठ्यावर नसते. म्हणून त्यांच्यात नराचा हंगाम आणि मादीचा हंगाम ह्यांची गाठ त्याच दिवसांत पडावी लागते. ती चुकली, तर मोठ्या वाघळाचे आख्खे वर्ष वाया जाते.

आता स्पर्धेकडे वळू. रविवारी संध्याकाळी मांडव्याच्या धक्क्यावर मुंबईच्या बोटीला गर्दी होते. बोट एक आणि माणसे फार, तेव्हा ज्याच्या बरोबरचे लोक जास्त, त्याचा कोणी ना कोणी आत शिरतोच. ज्या जातीत एक मादी अनेक नरांशी मिलन करते, तिथे शुक्राणूंचीही अशीच गर्दी होते. जो नर जास्त शुक्राणू पाठवील, त्याच्या पदरी अपत्य पडण्याचा संभव जास्त. म्हणून अशा जातींत वृषणे मोठी झाली. २००६ साली स्कॉट पिटनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वटवाघळांच्या ३३४ जातींची माहिती घेऊन एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात वृषणांचे वजन कुठे देहाच्या ०.१२ टक्के, तर कुठे ८.४ टक्के भरले. साठ किलोच्या माणसाला हे दुसरे प्रमाण लावले, तर ते ओझे पाच किलो होईल! आणि ज्या जातींत अशी स्पर्धा तीव्र, त्यांचा मेंदू तुलनेने लहान आढळला. दोन्ही अवयव पोसायला महाग. तिजोरी एकच असली म्हणजे एका खात्यात वाढ केली, की दुसऱ्यात कपात होते. आम्ही मंडळी वाटाघाटींत हेच अनुभवतो.

स्पर्धेची दुसरी तऱ्हा आपल्या पुण्यात पाहायला मिळाली. तिथल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले एच. आर. भट आणि अमेरिकेतले टॉमस कुन्झ ह्यांनी १९९५ साली लहान वाघळाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. कोकणातल्या मंडळींना भेरली माड ठाऊक आहे. त्याच्या फळांचे लांब घोस जटांसारखे लोंबतात. हा आखूड नाकाचा नर त्या घोसाच्या मधल्या लडी कुरतडून काढतो आणि आत घंटेच्या आकाराची पोकळी तयार करतो. हे त्याचे घर. बांधतो तो एकटा, राखतो तोच. माद्या येऊन त्या घरात राहतात. कधी थोड्या, कधी पुष्कळ. पुढे २००० आणि २००१ साली जे. स्टॉर्झ ह्यांनी भट आणि कुन्झ ह्यांच्याबरोबर पुण्यातल्याच वस्त्यांवर काम करून ही एक नर आणि अनेक माद्या अशी कुटुंबरचना तपशिलाने मांडली. ज्यांना घर नाही, असे नर एकटे राहतात. तेव्हा ह्या जातीत नराची पात्रता नुसत्या वृषणात मोजता येत नाही. घर बांधण्यात, ते राखण्यात आणि माद्यांना तिथे राहावेसे वाटण्यात ती आहे. मर्दानगीची जाहिरात करणाऱ्यांनी ह्या चार-पाच तोळ्यांच्या प्राण्याकडे एकदा पाहावे.

आता दुसरे कारण, कुऱ्हाडीचे. उंदीर बावीस-तेवीस दिवसांत वितो आणि एका वेळी सात-आठ पिल्ले देतो. मोठे वाघूळ वर्षाला एकच. हिशेब करून पाहू. समजा, एका वडावर दोनशे वाघळे आहेत. निम्म्या माद्या. त्यांतल्या ऐंशी व्याल्या आणि निम्मी पिल्ले जगली, तर वर्षाची जमा चाळीस. म्हातारपण, वादळ, विजेच्या तारा ह्यांत तीस गेली, तर शिल्लक दहा. आता एका रात्री कोणी जाळे लावून वीस मारली, की वस्ती दहाने तुटीत गेली. पुढच्या वर्षी नर जास्त शुक्राणू तयार करील आणि तूट भरून निघेल, असे होत नाही. शुक्राणू लाखो असतात, पण गर्भाशयातली जागा एकाचीच. वंशाची गती मादीच्या त्या पाच महिन्यांनी बांधलेली आहे.

ही तूट कुठवर जाते, ह्याची उदाहरणे आहेत. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर ह्याच कुळातली एक लहान जात होती. लोकांनी तिला खाण्यासाठी मारले, आणि १९६८ नंतर ती दिसलेली नाही. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावरची जात १९७० नंतरच्या दशकात शंभराच्या आत आली होती. १९७६ साली जेराल्ड डरेल ह्यांनी थोडी वाघळे पकडून नेली, पिंजऱ्यात त्यांची वीण वाढवली, आणि ती जात बचावली. दुर्मिळ जातींना हात देता यावा, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००० नंतरच्या दशकात मोठ्या वाघळांना भूल देऊन वीर्य गोळा करण्याच्या आणि ते गोठवून ठेवण्याच्या पद्धतीही शोधल्या. नराचा अभ्यास कशाला करायचा, ह्याचे हे एक उत्तर.

बागायतदार म्हणतील, आमच्या फळांचे काय? प्रश्न रास्त आहे. मॉरिशसमध्ये सरकारने आंबा आणि लिची वाचवण्यासाठी २०१५ आणि २०१६ साली मिळून तीस हजारांहून अधिक फळवाघळे मारली. फळांचे उत्पन्न त्यामुळे वाढले नाही. जाळी घातलेली झाडे मात्र वाचली. आपला हापूस तर तयार झाला, की हिरवा असतानाच झेल्याने उतरवतात आणि घरात अढीत पिकवतात. वाघळाला हवे असते झाडावर पिकलेले फळ. त्या बदल्यात हा प्राणी रात्रीतून कित्येक कोस उडून बी पेरतो आणि गोरखचिंच, मोह, टेटू ह्यांच्या रात्री उमलणाऱ्या फुलांचे परागण करतो. ह्या कामाची हजेरी कोणी घेत नाही आणि मजुरी कोणी मागत नाही. सरकारनेही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. कायदा सुधारायला पन्नास वर्षे लागली. आपल्या समजुतीला तितकी लागू नयेत.

भीतीचेही बोलू, कारण ती अगदीच निराधार नाही. महाबळेश्वरच्या गुहेत मार्च २०२० मध्ये पकडलेल्या रुसेटस वाघळांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संस्थेला निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. म्हणून वाघळाने चावलेले फळ खाऊ नये, त्याला हात लावू नये, वस्तीखाली गुरे बांधू नयेत. पण ह्याच न्यायाने त्याला पकडणे, सोलणे, त्याची चरबी काढणे, हे सर्वांत धोक्याचे काम ठरते. लांबून नांदू द्यावे, ह्यातच दोघांचे भले आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि जुनी झाडे किती पडली, ते आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. जे वादळातून उभे राहिले, ते आता जमिनीच्या भावाने आडवे होत आहे. बंगल्याचा मालक म्हणतो, मे महिन्यात फांद्या छाटू, म्हणजे पावसात धोका नको. मे महिन्यात त्या फांदीवर पोर घेतलेली आई असते. तो म्हणतो, मग पावसाळ्यानंतर तोडू. पावसात नराने तिथे आपली जागा धरलेली असते आणि पुढच्या वसंताचे बीज पडत असते. ह्या झाडाला सुट्टीचा महिनाच नाही. जागा हलली, तर नराला नवी जागा धरावी लागते, माद्यांना नवी शोधावी लागते, आणि तेवढ्यात हंगाम निघून जातो. झाड तोडणाऱ्याला त्या दिवशी एकही मेलेले वाघूळ दिसत नाही. पुढच्या चैत्रात जी पिल्ले जन्मत नाहीत, ती कोणालाच दिसत नाहीत.

संघटनेच्या कामात आम्ही एक धडा घेतला आहे. गिरणी बंद पडली, की दरवाज्यावरचे कुलूप सगळ्यांना दिसते. जी पोरे त्यामुळे शाळेत गेलीच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही वहीत नसते. खरे नुकसान बहुधा असे न दिसणारेच असते. ते दिसू लागावे, म्हणून ज्ञान हवे.

आमची मागणी लहान आहे. गावातल्या वाघळांच्या झाडांची ग्रामपंचायतीने नोंद करावी. त्या झाडाला कुऱ्हाड लावण्यापूर्वी ग्रामसभेत विचार व्हावा. शाळेतल्या मुलांनी श्रावणात आणि चैत्रात अशी वर्षातून दोनदा, लांबून, त्यांची मोजदाद करावी. वहीला खर्च फार येत नाही. आणि वाघळाचे तेल विकणारा आला, तर तरुणांनी त्याला एकच प्रश्न विचारावा, की बाबा, ज्याचे स्वतःचे बळ वर्षातले चार महिने टिकते, त्याची चरबी मला बारा महिन्यांचे बळ कुठून देणार?